बराकीत सांगितलेला जादूचा सिनेमा

लग्न होऊन मी डिलाईल रोडच्या चाळीत आले तेव्हा सासूबाईंशी काय बोलावं हेच मला कळत नसे. त्या गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होत्या. सकाळी लवकर जात, आल्यावर मुकाट्याने घरकामाला लागत. एका रविवारी मात्र त्या एकदम म्हणाल्या, "चल गो, लालबागेत जादूचो सिनेमा इलोहा." त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या यजमानांना, घरी ठेवून आम्ही दोघीच गेलो.

सिनेमात एक खलाशी होता. त्याची सावली एक जादूगार चोरतो. बिनसावलीच्या माणसाला कुठल्याच बंदरात उतरू देत नाहीत, म्हणून तो ती शोधायला निघतो. सासूबाई पदर तोंडाशी धरून बघत होत्या. घरी आल्यावर मात्र पुन्हा घरकामाला लागल्या.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. थोड्याच दिवसांनी आमच्या भागातल्या बायका सत्याग्रहाला निघाल्या. सासूबाईंनी चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "येतंस?" मी मागचापुढचा विचार न करता निघाले. यजमानांनी "अगं, पण जेवणाचं काय?" एवढंच विचारलं, तोवर आम्ही जिना उतरलो होतो. रस्त्यावर पोलिसांनी आम्हाला गाडीत घातलं आणि संध्याकाळी आम्ही तुरुंगाच्या बराकीत होतो.

पहिला दिवस घोषणा आणि गाण्यांत गेला. दुसऱ्या दिवशी घसे बसले आणि घरं आठवू लागली. शिवडीची एक बाई होती. तिचा नवरा गोदीत कामाला, मुली बहिणीकडे टाकून आलेली. ती जेवायलाच तयार होईना, भिंतीकडे तोंड करून रडत बसली. सासूबाईंनी दोनदा समजावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सूनबाय, तेका तो सिनेमा सांग."

चार माणसांत तोंड उघडायची मला सवय नव्हती. तरी तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "एक गलबत असतं, त्यावर एक खलाशी असतो."

तिने डोळ्यांवरून पदर काढला. मग नाक पुसून म्हणाली, "शिडाचं का इंजिनाचं?"

"शिडाचं."

"मग वारं पडलं तर?"

वारं पडतं, तो प्रसंग खरोखरच सिनेमात होता. मी तो सांगितला. समुद्र काचेसारखा थिजलेला, पाणी संपत आलेलं, आणि त्या काचेखालून दुसऱ्याच कुणाच्या सावल्या पोहत चाललेल्या. ती माझ्याकडे तोंड करून बसली. आणखी बायका सरकत जवळ आल्या. माझं सांगणं चालू असतानाच सासूबाईंनी तिच्यापुढे ताट ठेवलं आणि ती जेवली.

गिरगावच्या एक शिक्षिका कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, असं धावतपळत नका सांगू. नाटकात असतात तसे प्रवेश पाडा. रोज थोडे."

तेव्हापासून जेवणं झाली की दुपारी आमचा खेळ सुरू होई. आदल्या दिवशी कुठे थांबलो ते शिक्षिकाबाई सांगत, मग मी पुढचा प्रवेश घेई. कुणाला घरच्यांच्या भेटीला बोलावलं तर ती परत आल्यावर तिच्यासाठी चुकलेला भाग पुन्हा सांगावा लागे. सावल्यांनी भरलेल्या विहिरीचा प्रवेश इतक्या वेळा सांगून झाला की तेवढा भाग सगळ्यांनाच पाठ झाला.

भांडणंही झाली. मी गुहा आधी सांगितली तर सासूबाईंनी अडवलं.

"तसा नाय गो. आधी पक्षी येता. पक्षी नाय तर तो गुहेत पोचतलो कसो?"

बरोबर होतं. मी पक्षी आणला. डोंगराएवढा पक्षी खलाशाला पायांत धरून उडतो, असं रंगवून सांगत होते, तोच सासूबाई आनंदाने म्हणाल्या, "आणि त्येची दोरी दिसता! पंखाच्या वर!"

"दोरीचं सांगू नका हो," शिक्षिकाबाई कळवळून म्हणाल्या. "उडतोय तर उडू दे त्याला."

"सांगा, सांगा," शिवडीची म्हणाली. "कुठनं बांधला होता?"

निम्म्या बायकांना दोरी हवी होती, निम्म्यांना नको. शेवटी ठरलं की मी बिनदोरीचं सांगायचं आणि नंतर ज्यांना हवं त्यांना सासूबाईंनी दोरीसकट. त्यांच्याकडे जास्तच गर्दी व्हायची. घरात कधी न बोलणाऱ्या सासूबाई हात पसरून पक्षी करून दाखवत होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

शेवटचा प्रवेश राहिला होता, तेव्हाच आम्हाला सोडण्याचा हुकूम आला. सामान आवरून फाटकाबाहेर आलो तर घरची माणसं हार घेऊन उभी. यजमान पुढे आले. तेवढ्यात शिवडीच्या बाईने आपल्या धाकट्या मुलीला कडेवर घेतलं आणि माझा हात धरला.

"शेवट सांगितल्याशिवाय कुठं चाललीस?"

सगळ्याजणी तिथेच फुटपाथवर थांबल्या. ऊन डोक्यावर आलं होतं. मी सांगितलं की खलाशी जादूगाराला बोलण्यात गुंतवतो, सूर्य माथ्यावर येईपर्यंत. दुपारी सावल्या आखडतात. जादूगाराच्या मुठीतली सावली आखडत आखडत बोटांच्या फटीतून निसटते आणि खलाशाच्या पायाशी येऊन चिकटते.

"आणि तो जादूगार?" कुणीतरी विचारलं.

"तो उन्हात विरघळता," सासूबाई म्हणाल्या. "मेणासारखो."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. फाटकावरचा पोलीसही हसला. शिक्षिकाबाईंनी मला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "छान झालं हो." यजमान हातातला हार सावरत विचारत होते, "काय चाललंय काय?"

"तुका कळाचा नाय," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी हार स्वतःच घेऊन माझ्या गळ्यात घातला.

त्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाकाला एकत्रच बसलो. त्या भाकऱ्या थापत होत्या, मी कालवणाला वाटण वाटत होते. गावाला माझी आई कशी आहे, नदी घरापासून किती लांब, मला पोहता येतं का, असं त्या एकामागून एक विचारत होत्या. मी पोहता येतं म्हटल्यावर त्या हातातली भाकरी तशीच धरून म्हणाल्या, "खरा? माका शिकव मगे, मे महिन्यात तुझ्या गावाक गेल्यार."