कन्हारातली मऊ जागा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर आईनंतर लगेच मी मोठीमायचं नाव घेतो. ती माझ्या नात्यातली नव्हे. आमच्या टोलीतले, म्हणजे वस्तीतले, सगळेच तिला मोठीमाय म्हणत. समोर आलेल्या माणसाच्या तळहातावर ओलसर मातीचं ढेकूळ ठेवायचं आणि म्हणायचं, "आवळ मूठ. आता उघड." ही तिची सवय. मूठ उघडल्यावर ढेकळावर बोटांचे ठसे जसेच्या तसे राहिले, की तिचं तोंड वाकडं होई. "हे जमीनच मूठ आवळून बसली हाये. धानाले काय देईन?" आणि माती मोकळी होऊन बोटांतून सांडली, की ती हसे. समोर तलाठी असो की गावचा जावई, हात मातीत भरल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

आमचं गाव इटियाडोह धरणाच्या कालव्याखालचं. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बायांची टोळी मोठीमायच हाकायची. माझी आई त्याच टोळीत. सुट्टीत मी आईच्या मदतीला बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरलो, की मोठीमाय ओरडायची, "याले चिखलात कायले आनलीस वो? याच्या वाटची ओळ मी लावतो. जाय रे, पुस्तक धर." आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी कृषी पदवीधर झालो, त्यात तिने लावलेल्या अशा किती ओळी आहेत, मला मोजता येणार नाही.

तिची स्वतःची एकच बांधी होती, एक एकराची, कन्हार जमिनीची. कन्हार म्हणजे आमच्याकडची काळी, चिकट, भारी माती. पावसात ती पाय सोडत नाही आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत मनगटापर्यंत हात जातो. त्या बांधीतल्या तांदळावर मोठीमायचं वर्षभराचं खाणं चाले.

तालुक्याच्या माती तपासणी प्रयोगशाळेत मला कंत्राटी काम लागलं आणि पहिलंच गाव आलं ते माझं. मे महिना होता. मोठीमाय धुऱ्यावरून, शेताच्या कडेच्या बांधावरून, बघत होती. "काय गा साहेब, आता आमच्या जमिनीची नाडी पाहून राहिला का?"

नियम मला पाठ होता. शेतात नागमोडी चालत सात-आठ ठिकाणची माती घ्यायची आणि मिसळायची. पण बांधीच्या मधोमध फावडं मारलं की टण्ण आवाज होऊन ते परत येई. हाताला फोड आले. मग जिथे फावडं शिरलं, तिथली माती मी घेतली.

अहवाल आला. विहाराच्या पायऱ्यांवर बसून मी तो सगळ्यांना वाचून दाखवला. मोठीमायच्या कागदावर पालाशपुढे, म्हणजे पोटॅशपुढे, लिहिलं होतं: भरपूर. तिने विचारलं, "भरपूर हाये, त मंग मागच्या साली धानाच्या पातीची कोर काऊन करपली?"

"मोठीमाय, मशीन खोटं नाही बोलत," मी म्हणालो. मला आज ते वाक्य आठवलं तरी कान गरम होतात.

तिने मान हलवली. दरवर्षी ती थोडं पालाशचं खत द्यायची, ते माझ्या शब्दावर त्या वर्षी दिलं नाही.

पोळा झाला. धानाच्या पात्यांच्या कडा तांबूस झाल्या, मग करपल्या. दसऱ्याच्या आधी जरा वारा सुटला आणि तिची बांधी लोळली. शेजारच्या बांध्या उभ्या होत्या. तिचं वर्षाचं खाणं माझ्या एका कागदाने आडवं केलं होतं. मी बसला जायची वाट बदलली.

चौथ्या दिवशी ती बसथांब्यावरच उभी. "काऊन गा, आता कालव्याच्या पारीनं जाऊन राहिला?" माझं मनगट धरून तिने मला बांधीवर नेलं. "खड्डे कुठं कुठं खोदले होते, दाखव."

मी दाखवले. दोन धुऱ्यालगत, जिथे ती दरवर्षी शेणखताचे ढिगले टाके. तीन कोपऱ्यात, जिथे तणशीचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग रचलेला असे. बाकीचे त्याच्याच आसपास. बोट दाखवता दाखवता माझा हात खाली आला.

"नरम जागा पाहूनच खोदलं ना?"

मी मान डोलावली.

"मीबी तशीच खोदली असती. मे महिन्यात कन्हार खोदाले का हत्ती आनतेस?" आणि ती चक्क हसली. लोळलेल्या धानाच्या काठावर उभी राहून.

तुमच्यापैकी कुणी शेतीचं शिकलं असेल, तर त्याला माझी चूक एव्हाना कळली असेल. कन्हारात पालाश असतो, पण बराचसा चिकणमातीच्या पापुद्र्यांत अडकलेला. माती वाळून आवळली, की काही आणखी आत अडकतो. शेण, तणीस, पालापाचोळा कुजून मातीत मिसळला की त्याच्या अंगाला पालाश सैल धरलेला राहतो, माती मोकळी होते, मुळं आत शिरतात आणि त्यांना तो घेता येतो. शिवाय तणशीत स्वतःचाच पालाश असतो. पाऊस पडला की तो झिरपून खालच्या मातीत उतरतो. नेमका किती फरक पडतो यावर पुस्तकांत मतभेद आहेत. पण एवढं सगळं परीक्षेत लिहून मी चांगले गुण मिळवले होते. फावडं सहज शिरतं ती जागा शेणाने आणि तणशीनेच मऊ झालेली असते, हे मात्र मला सुचलं नव्हतं. मी बांधी तपासलीच नव्हती. मी तिचा उकिरडा तपासला होता.

"ऑफिसात सांगशील?" मी घाबरत विचारलं. माझ्या नोकरीची बातमी आईने थेट नागरा गावच्या मामापर्यंत पोचवली होती.

"मी कायले सांगू? धान माझं पडलं, पन चूक तुझी होय. तू सांग." मग म्हणाली, "नाई सांगितलंस तरी मी कोनाले बोलनार नाई. पन मंग माझ्या घरी पानी पिवाले येऊ नको."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभा राहिलो. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "आणखी किती शेतांत मऊ जागा पाहिली?"

"सगळ्याच, सर."

"मग सगळीच पुन्हा."

नोकरी राहिली. धान कापल्यावर मी गावातल्या प्रत्येक बांधीत पुन्हा गेलो. युक्ती मोठीमायचीच. आदल्या दिवशी खड्ड्याच्या जागी गुंडभर, म्हणजे घागरभर, पाणी ओतायचं आणि दुसऱ्या दिवशी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन जायचं. गुंड तिने दिला, टोमणेही दिले. "पाह्य गा, डिग्रीवाला जमिनीले पानी पाजून राहिला!" नव्या कागदावर तिच्या बांधीचा पालाश 'भरपूर' नव्हता आणि सेंद्रिय कर्ब तर फारच कमी होता.

त्या वर्षी तिचं खाणं कसं भागलं? टोळीतल्या बायांनी आपापल्या घरचा तांदूळ आणून भागवलं. माझ्या आईची टोपली सगळ्यांत आधी गेली.

पुढल्या हंगामात मोठीमायने पालाश दोन हप्त्यांत दिला. त्याहून मोठं म्हणजे, शेणखत धुऱ्यावर न टाकता डोक्यावरून बांधीच्या मधोमध नेलं आणि अर्धी तणीस चिखलणीआधी पसरली. लोक हसले. "बुढी बैलाच्या तोंडची तणीस जमिनीले चारून राहिली!" ती म्हणाली, "मंग? बैल राबते, त जमीन का झोपून राहते?" त्या साली पातीची कोर शेवटपर्यंत हिरवी राहिली. पण मधली माती मुठीत अजून गोळाच व्हायची. "हे लवकर आयकनारी नोहोय," ती म्हणायची.

पुढे तिच्या गुडघ्यांनी ऐकणं सोडलं. दोन वर्षांपूर्वी तिची लेक, आमची ताई, येऊन तिला आपल्या घरी दुर्गला घेऊन गेली. बांधी आता माझी आई कसते. निघताना मोठीमाय मला म्हणाली, "कागद धाडजो. पन नुसतं भरपूर लिहू नको. धानाले भेटते का नाई, थे लिहिजो."

तिच्या ओसरीवर आता कुणी हात मातीत भरवत नाही. गेल्या आठवड्यात टोलीतलं एक जण दुर्गला जाणार होतं. त्याच्याबरोबर मी एक डबा आणि हे पत्र पाठवलं.

मोठीमाय,

जयभीम. ताईला हे सावकाश वाचायला सांग.

यंदाही आदल्या दिवशी पाणी ओतूनच खड्डे खोदले. मधोमध, जिथून पहिल्या वर्षी फावडं परत आलं होतं, तिथे ते या वेळी अर्ध्यापर्यंत शिरलं. सब्बल लागली नाही. आई म्हणते, तुझ्यासाठी लिहितो म्हणून वाढवून लिहू नको, म्हणून खरं ते लिहितो. कर्ब थोडाच वाढला आहे, अजून कमीच आहे. पालाश बरा आहे. यंदा कोर करपली नाही. धान शेवटपर्यंत उभं होतं.

डब्यातली माती मधलीच आहे, मऊ जागेची नाही. पाहिजे तर आईला विचार. ताईला थोडं पाणी शिंपडायला सांग. मग मूठ आवळ आणि उघड.

धानाला भेटते की नाही, ती ओळ मी कागदावर कोरी ठेवली आहे. ताईच्या फोनवरून सांग. तू सांगितलंस की लिहितो.