आईची तीन मिनिटं

विद्यापीठात पत्रकारिता शिकत होते तेव्हा रेडिओसाठी तीन मिनिटांचा कार्यक्रम करायचा होता. मी आईला आमच्या गावाहून, देवळीहून, बसनं घेऊन आले. विषय सरगुंडे, आमच्याकडचा शेवयांसारखा पदार्थ. काडीवर कणीक गुंडाळायचं ते किचकट काम तिच्याइतकं नेटकं आमच्या गल्लीत कुणाला जमत नव्हतं.

स्टुडिओ म्हणजे काचेमागची एक खोली, भिंतींना स्पंज चिकटवलेला. आई आत माइकपुढे, मी बाहेर हेडफोन लावून. सरगुंड्यांबद्दल ती बोलली, पण मधेमधे काय काय! डबा खाल्ला का, विचारलं. किती वाळली तू, म्हणाली. लाल दिवा पाहून तिला हसू फुटलं, मग ठसका लागला. "अवं, ऐकून राह्यली ना?" हे तर दर दोन वाक्यांमागे. मी काचेवर टकटक करून दटावलं. असा अर्धा तास भरला.

मग कापायला बसले. हसू, ठसका, माझ्याशी बोललेलं सगळं काढून 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं. सरांनी वर्गात ऐकवलं, म्हणाले, एडिटिंग असं स्वच्छ पाहिजे. मी काय फुगले होते तेव्हा! सत्र संपताना कॉम्प्युटर रिकामे करायचे होते, ज्याला जे हवं ते घेऊन जा म्हणाले. मी तेवढी तीन मिनिटं घेतली आणि कचरा स्वतःच्या हातानं पुसला. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय.

दोन वर्षांनी आई गेली. तिच्याकडे साधा बटणांचा फोन होता, त्यामुळे तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. तेरवी झाल्यावर बाबांनी तो कार्यक्रम मागितला. मी मोबाइलवर लावून दिला. संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितला.

"आवाज तं तिचाच हाय," ते म्हणाले, "पण हे कोनाशी बोलून राह्यली?"

मी सांगून टाकलं. माझ्याशी बोलत होती, बाबा, तेवढंच मी कापलं. वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला, चष्मा पुसला.

"मंग परत जोड ना," म्हणाले. "मी बसतो इथीच."