बगळा म्हटले, चोर नाही

गेल्या वर्षी धान निसवण्याच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याच्या दिवसांत, पाणीवाटपाच्या सभेत माझ्या काकांना एका शेतकऱ्याने ‘बगळा’ म्हटले. तिरोड्याकडच्या आमच्या गावात कालव्याचे पाणी पाळीपाळीने सोडण्याचे काम बारा वर्षे काकांकडे होते. आदल्या दिवशी पाटाची पाळ, म्हणजे मातीचा काठ, फोडलेली सापडली होती. शेवटच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, कोरड्या राहिल्या.

“धुऱ्यावर उभा रायते, डोळे मिटते अन् मासोळी गिळते. बगळाच हाये,” तो म्हणाला. लोक हसले.

“मले सरळ चोर म्हण ना! बगळा कायले म्हणून राहिला?” काकांनी विचारले.

“चोर म्हटलं तं पुरावा द्या लागते, काकाजी.”

काकांनी गावाच्या तंटामुक्त समितीकडे तक्रार दिली. मी वर्तमानपत्रात लिहितो, म्हणून हा शब्द शिवी आहे की थट्टा, हे शोधण्याचे काम समितीने मला दिले. मी काकांचा पुतण्या, हे सर्वांना माहीत होते.

गोंदियाच्या बाजारात शब्दाचा उगम विचारला. एक धान्य व्यापारी म्हणाला, “बगुला भगत. माला हातात, नजर मछलीवर.” गावात मिळालेली उत्तरे जमिनीच्या नकाशाशी ताडून पाहिली. पाटाच्या सुरुवातीला शेत असलेल्या सर्वांना ही थट्टा वाटत होती. शेवटी शेत असलेल्यांना शिवी. माझे शेत शेवटी आहे.

तलावात मासे धरणारी एक म्हातारी तेवढी वेगळे बोलली. तिला शेत नाही. “बगळा डोळे मिटत नाई, बापू. तुमी लोकं दुरून पायता.” मी दोन सकाळी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन पाहिले. उभ्या बगळ्याचे डोळे उघडे होते.

पाणीवाटपाच्या सभेच्या दिवशी काकांच्या चपलांना ओला गाळ होता. पाणी सोडणाऱ्याच्या पायाला गाळ असतोच. तरी ते मी अहवालात लिहिले नाही. शब्द अपमानाचा आहे, एवढे लिहिले.

समितीने तो अपमानाचा ठरवला आणि त्या शेतकऱ्याला माफी मागायला लावली. त्याच बैठकीत, वाद नको म्हणून, पाणी सोडण्याचे काम काकांकडून काढून त्या शेतकऱ्याच्या मेहुण्याला दिले. दोन्ही ठराव एकाच पानावर आहेत. पुढच्या पंधरवड्यात पाळ दोनदा फोडलेली सापडली.