शल्मतमावशीचे हात

शल्मतमावशी दारात बसायची तेव्हा तिचे दोन्ही हात बाह्यांत असायचे. कडक ऊन असो की फरात नदीवरचा बोचरा वारा, हात बाहेर निघायचे ते लोकर पिंजायला आणि भाकर मोडायला. आळीतली पोरं म्हणायची, म्हातारीच्या बाहीत विंचू आहे. तिच्या जिभेला मात्र बाही नव्हती. माझ्या डाळीला ती सगळ्यांसमोर गढूळ पाणी म्हणायची आणि वर दोन वाट्या प्यायची.

नवरा गेला तेव्हा ती तरुण होती. दुसरं लग्न न करता तिने आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या विधवांमध्ये नाव घातलं. या विधवांना मंडळी जेवू घालते आणि त्यांनी घरी बसून सगळ्यांसाठी प्रार्थना करायची. आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायला जायचं तर आधी मंडळीच्या सेवकाला विचारायचं. आमचे सेवक म्हणजे माझे यजमान, मानू. पण मावशीला विचारायला सवड कुठे होती? कुणाच्या घरातून कण्हणं ऐकू आलं की ही अनवाणी धावायची. ताप उतरायचे. लोक म्हणायचे, बाईच्या हाताला गुण आहे.

मग गिरणीवाल्या बर्नेबोचा मुलगा आजारी पडला. बर्नेबो आमच्यातला नव्हे, नेबो देवाला धूप घालणारा. तरी त्याची बायको रडत आली आणि मावशी कुणाला न विचारता गेली. पोराच्या कपाळावर हिचा हात होता तेव्हाच पोर गेलं. बर्नेबो वेडापिसा झाला. हिनेच माझं लेकरू खाल्लं म्हणत चार माणसं घेऊन तिच्या दारावर आला. ह्यांनी मध्ये पडून तिच्यावर येणारे दगड स्वतःवर घेतले. बर्नेबोने मारलेला एक भुवईवर बसला, त्याचा वण कायमचा राहिला. नंतर ह्यांनी मावशीला सर्वांसमक्ष बजावलं की माझ्या सांगण्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही. ती ‘बरं’ म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती वाद न घालता बरं म्हणाली असेल. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि ह्यांनीही तिला कधी पाठवलं नाही.

मग एका वसंतात तापाची साथ आली. हे घरोघर पाणी पोचवत फिरले आणि शेवटी स्वतःच आडवे झाले. जीभ जड झाली, बोलणं बंद पडलं. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तेल लावून प्रार्थना केली, पण ताप हलला नाही. बिशप नदीच्या पलीकडे अडकले होते. पुरामुळे नाव बंद होती. सासूबाई हळूच म्हणाल्या, मांत्रिकाकडून गाठी मारलेला दोरा आणू. मी म्हटलं, “आई, शुद्धीवर आले तर दोरा बघूनच प्राण सोडतील.” पण त्यांना बोलून माझी भीती थोडीच जाणार होती? मी मावशीकडे धाव घेतली.

ती लोकर पिंजत होती.

“मावशी, चल.”

“सेवकाचं सांगणं आणलंस?”

“सेवकच पडलाय. सांगणार कोण?”

“मग बिशपांचं आण.”

“नदी काय मी पिऊन टाकू?”

एरवी ती हसली असती. तिने मान वर केली नाही. माझं डोकं फिरलं. जी भाकर खातेस ती तो माणूस रोज तुझ्या दारात आणून देतो, तुझ्यासाठी त्याने डोकं फोडून घेतलं, आणि तू मला नियम शिकवतेस, असं बरंच काही मी बोलले. ती पिंजत राहिली. मग लोकर मांडीवर ठेवली, तेव्हा मला तिचे हात दिसले. उजवा तिने माझ्यापुढे धरला.

“शेवटच्या ज्या कपाळावर हा हात होता ना पोरी, ते याच्याखाली गार पडलं,” ती म्हणाली. “तुझा नवरा तुला तसा हवाय?”

मला वाटत होतं, म्हातारी डूख धरून बसली आहे. ती तर नियमाच्या आड लपून बसली होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, “हात बाहीतच ठेव. पण माझ्याजवळ येऊन बस. मला एकटीला बघवत नाही.”

ती आली. पायथ्याशी बसली, हात बाहीत, ओठ हलत होते. ह्यांना घरघर लागली. सासूबाईंनी दोरा आणायला जायचं म्हणून डोक्यावर पदर घेतला आणि मी या वेळी त्यांना अडवलं नाही. तेवढ्यात ह्यांनी डोळे उघडले. नजर माझ्यावरून, आईवरून फिरत मावशीवर थांबली. त्यांचा हात गोधडीवरून सरपटत तिच्या बाहीपर्यंत गेला, पडला, पुन्हा गेला. त्यांनी बाही ओढली.

“हे काय म्हणतायत?” मावशीने मला विचारलं.

मला कळलं होतं. पण मी तसं सांगितलं आणि हे गेले, तर जन्मभर मी या बाईकडे बर्नेबोच्या डोळ्यांनी बघणार, हेही कळलं होतं.

“तुला बोलावतायत,” मी म्हटलं.

ती उशाशी आली. तिचा हात त्यांनीच बाहीतून बाहेर काढून भुवईवरच्या वणावर ठेवला. मावशी मोठ्याने बोलू लागली. ती प्रार्थना कमी आणि भांडण जास्त होतं. “प्रभू, तुझ्याकडे मागायला मला तोंड नाही. पण ही बाई मागतेय. तिचं ऐक.” तेच तेच ती म्हणत राहिली. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं, आणि तिचा आवाज एकाएकी थांबला. चेहरा पांढराफटक.

“गार पडलं,” ती म्हणाली.

सासूबाईंनी हंबरडा फोडला. मी छातीला कान लावला. माझा गाल ओला झाला, तो घामाने. आत श्वास चालू होता, झोपलेल्या माणसाचा संथ श्वास. मावशीला मी तीनदा सांगितलं तेव्हा तिला पटलं, आणि ती खाली बसून लहान मुलीसारखी रडली.

हे उठून बसले, जवाची पेज पिऊ लागले, तसं मी सगळं सांगितलं. ह्यांना काही म्हणता काही आठवत नव्हतं. मावशीला बोलावून विचारलं, हात लावायला कुणी सांगितलं?

तिला सुटल्यासारखं झालेलं मला दिसलं. “तुला आठवत नाही, म्हणजे तुझं सांगणं नव्हतंच,” ती म्हणाली. “मला दंड दे, मानू. पुन्हा कुणाला हात लावायचा नाही, असं सगळ्यांसमोर सांग.”

ह्यांनी तिच्या बाह्यांकडे पाहिलं.

“दंड देतो,” ते म्हणाले. “बर्नेबोच्या बायकोला ताप आलाय. तिने निरोप पाठवलाय, त्याच्या नकळत. तू जायचंस.”

“तो मला मारील.”

“मारीलही.”

“आणि तीही गेली तर?”

“तर तू तिच्याजवळ असशील. जा, मावशी. हे सेवकाचं सांगणं आहे.”

मी सोबत गेले. वाटभर तिने माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत, त्यावरून मला तिची भीती कळत होती. गिरणी बंद होती. गाढव जात्याला जुंपलेलंच उभं होतं. दार वाजवायला मावशीचा हात बाहीतून निघेना, मीच वाजवलं. बर्नेबोने उघडलं. दाढी वाढलेली, डोळे लाल. तो मावशीकडे बघत राहिला आणि मी मनातल्या मनात तिच्यापुढे उभी राहायची तयारी केली.

“सकाळपासून तुझंच नाव घेतेय,” तो म्हणाला आणि दारातून बाजूला झाला.

मावशीने वहाणा काढल्या. मग दोन्ही हात बाह्यांतून बाहेर काढले आणि ती आत गेली.