ईनिडबाईंचा चिखल

ईनिडबाईंचा जन्म कालव्यातल्या बोटीवरचा. कोळसा वाहणाऱ्या त्या लांबट, अरुंद होडीतली खोली कपाटाएवढी. तीत आई, बाप, दोन भाऊ, चूल आणि भिंतीवर रंगवलेले गुलाब. काठाने बेस नावाची घोडी दोर ओढत चालायची आणि पोरीने तिच्या मागे मागे चालायचं. सत्तरी गाठली तरी त्या पाण्याचा वास आठवला की बाईंचा जीव कासावीस व्हायचा.

मग शेजारच्या रेल्वे कंपनीने कालवा विकत घेतला आणि खुशाल मरू दिला. ना गाळ उपसला, ना पाणी अडवणारी दारं दुरुस्त केली. हॅझलबी गावाजवळ बोट रुतली ती रुतलीच. बापाने उरलेला जन्म वीटभट्टीवर काढला.

पुढे रेल्वेचंही तेच झालं. ती बंद पडली, आणि बऱ्याच वर्षांनी हौशी मंडळी रूळ साफ करून रविवारी वाफेचं इंजिन चालवू लागली. रुळांलगतच्या कुंपणाच्या अलीकडे दुसरी हौशी मंडळी बुजलेला कालवा उकरू लागली. ईनिडबाई अर्थात कालव्याच्या. तिथला चहा त्यांचा, बेकन-पाव त्यांचा आणि शिव्याही त्यांच्याच. पलीकडे स्टेशनमास्तर डेस्मंड हॉलिस. उभा जन्म लोकांचे दात उपटले आणि निवृत्तीनंतर चकचकीत बटणांचा कोट घालून हिरवा झेंडा हलवू लागले.

"काय ईनिड, गटार कसं चाललंय तुमचं?"

"तुमची किटली उकळली का, ते बघा आधी!"

बोलणं कुंपणावरूनच. स्टेशनात पाऊल टाकायला बाईंचं मन घेत नसे.

पंच्याण्णव सालच्या ऑगस्टात शेवटचा तुकडा हाती आला. कालव्याच्या तळाने पाणी धरावं म्हणून चिकणमाती पायांनी तुडवून बसवतात. तुडवलेली माती ओली राहायलाच हवी. वाळली की तडकते, आणि तडकली की सगळं उकरून पुन्हा पहिल्यापासून. उन्हाळा कडक होता, नळाचं पाणी पाइपने मारायला बंदी होती. पण सोमवारी बँक हॉलिडे, आणि बँक हॉलिडेला पाऊस पडतोच, ही इंग्रज माणसाची देवापेक्षा घट्ट श्रद्धा.

"सुट्टी म्हणजे पडणारच मेला!" ईनिडबाईच म्हणाल्या. शनिवार-रविवार सगळ्यांनी गाणी म्हणत चिखल तुडवला.

सोमवारी आभाळ निळंशार, निर्लज्ज. ओली पोती पसरली, चहाचं पाणीसुद्धा ओतलं, पण त्या उन्हापुढे ते काय पुरणार? दुपारी कडेला केसासारख्या रेघा उमटल्या. सगळ्यांची मेहनत मातीमोल होत होती. पुन्हा सुरुवात करायला आपल्यात दम नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

पलीकडे स्टेशनची पाण्याची टाकी होती. ती भरणारा झरा आटत आलेला. आजच्या गाड्यांपुरतंच पाणी तीत साठलेलं. मागायला कोणी जाईना. शेवटी बाईंनी चिखलाचे बूट पायांत तसेच ठेवून फाटक ढकललं.

"हॉलिस, पाणी हवंय."

"किती?"

"सगळं."

"अहो, आज वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी आहे!"

"दिसतंय मला, डोळे शाबूत आहेत." मग त्यांचा आवाज खाली आला. "तडकायला लागलीय हो माती."

हॉलिसनी फलाटावरच्या रांगेकडे पाहिलं. आइस्क्रीम चाटणारी पोरं, टोप्या घातलेल्या आज्या. मग खडू उचलून फळ्यावर लिहिलं: आज गाडी नाही.

"हा काय पोरखेळ आहे?" रांगेतून एकजण ओरडला.

"तक्रार पावसाकडे करा, साहेब! आज तोच आला नाही. चला रे, पाइप काढा!"

कुंपणावरून पाणी धो धो पडू लागलं. फिकट माती काळीभोर झाली. रांगेतली पोरं बूट काढून चिखलात उतरली, त्यांच्यामागे आयाही. रेघा पायांखाली मिटत गेल्या. टाकी रिकामी झाली तेव्हा माती पुन्हा लोण्यासारखी मऊ होती.

"हे फेडायचं कसं?" बाईंनी विचारलं.

हॉलिस पाइप गुंडाळत होते. आज चेष्टा करायचं ते विसरले. "फेडायचं काय त्यात? कालवा वाळवला होता आमच्याच लोकांनी. चूक आमची होती, ईनिड."

इतकी वर्षं रेल्वेच्या माणसाकडून आपल्याला एवढंच ऐकायचं होतं, हे बाईंना तेव्हा कळलं. बापाच्या नशिबी ते नव्हतं. त्या होत्या तिथेच ओल्या मातीत बसल्या आणि ढसाढसा रडल्या.