मंजुळाच्या टाक्यातलं मीठ

मंजुळा गेल्याची बातमी मला घंटागाडीवरच्या बाईने दिली. मी हिरवी बादली घेऊन खाली उतरले होते. बादली गाडीत उलटी करताकरता ती म्हणाली, "काकी, तुमच्या सोसायटीत पूर्वी होती ना मंजुळा, खताच्या टाक्यावाली... गेली ती. मंगळवारी." रिकामी बादली तिने पुढे केली आणि माझा हात काही पुढे जाईना. "धरा ना काकी, पुढं अजून तीन गल्ल्या हायेत," ती म्हणाली तेव्हा धरली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणाच्या मावसजावयाचे काका गेले तरी हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. मंजुळासाठी एकही चित्र आलं नाही. मीही टाकलं नाही. टाकायचं तर त्याच्या आधी दुसरंच काहीतरी लिहावं लागलं असतं, आणि ते लिहायची हिंमत मला होत नव्हती. आज होतेय का, ते लेख संपेपर्यंत कळेल.

मंजुळा पालीकडच्या एका खेड्यातली, भातशेतीवाल्या घरातली. नवरा गेल्यावर आमच्या शहरात कामाला येऊ लागली आणि आमच्या इमारतीचे जिने झाडू-पुसू लागली. सात-आठ वर्षांपूर्वी ओला आणि सुका कचरा वेगळा करायचा नियम कडक झाला, तेव्हा आमच्या सोसायटीने ठरवलं की ओल्या कचऱ्याचं खत आपणच करायचं. मागच्या बाजूला, नारळाखाली, विटांचं एक टाकं बांधलं. आणि त्या टाक्याची मालकीण असल्यासारखी एक बाई रोज सकाळी गेटाशी उभी राहू लागली. ती बाई म्हणजे मी. त्या वेळची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. साठीला टेकलेली, गुडघे शाबूत, महिला मंडळाची अध्यक्ष. हातात मोडक्या छत्रीची काडी घेऊन लोकांच्या बादल्या ढवळायची. "दुधाची पिशवी ओल्यात? शिकलेली माणसं ना तुम्ही?" असं भर चौकात मोठ्याने विचारायची. जिन्यात मी स्वतःच्या हाताने रंगवलेला फलक लावला होता, हिरव्या बादलीत काय जाईल आणि निळ्या बादलीत काय. त्यावरचं वांगं मला फार छान जमलंय असं वाटत होतं. तळमजल्यावरच्या बाईंनी एकदा भोळेपणाने विचारलं, "अहो, हा उंदीर ओल्यात टाकायचा का?" मी त्यांच्याशी पुढे पंधरा दिवस बोलले नाही.

खरं काम मंजुळाचं होतं. मला खतातलं ओ की ठो कळत नव्हतं. टाक्याच्या तळाला नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, पसरायची हे तिचं डोकं. गावाहून येताना शेण आणायचं, तेही तीच आणायची. रोपवाटिकेतून गांडुळं आणली तेव्हा मी चार पावलं मागे सरले आणि तिने ती तांदूळ निवडावेत तशी ओंजळीत घेतली. त्यांना ती "माझ्या म्हशी" म्हणायची. "काकी, म्हशींना काल केळ्याची सालं लई आवडली. पर ते लिंबू नका पाठवू जास्ती, तोंड फिरवतात." तिसऱ्या खाऊन उरलेल्या शिंपल्या लोक ओल्यातच टाकत, त्या ती एकेक वेचून वेगळ्या काढायची आणि धुऊन कुंड्यांच्या तळाला घालायची. दुपारी जिने पुसून झाले की टाक्याच्या कठड्यावर बसून डबा खायची, तिथेच. "तुला वास नाही का येत गं?" मी नाकाला पदर लावून विचारलं होतं. "येतो की," ती म्हणाली, "गुरं असली की गोठ्याचा वास यायचाच." पहिलं खत निघालं तेव्हा चाळून, मूठभर माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, "हुंगा." चहाच्या पत्तीसारखं काळं, मोकळं. वासाला स्वच्छ. त्या खताच्या पिशव्या भरून मी नगरपालिकेच्या साहेबांना भेट दिल्या आणि फोटोत मधोमध उभी राहिले. मंजुळा फोटोत नाही. तिला कुणी बोलावलंच नाही, म्हणजे मी बोलावलं नाही.

आता मिठाचं सांगते.

माझं माहेर पेण-उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. बाबांचं मिठागर गेलं त्या वर्षीचं शेवटचं मीठ, खडेमीठ, मी एका मोठ्या चिनीमातीच्या बरणीत जपून ठेवलं होतं. लोणच्याला त्यातलंच घ्यायचे, चिमूट-चिमूट. आमच्या इमारतीत खडेमीठ माझ्याच घरी, बाकी सगळ्यांकडे पुडीतलं. त्या श्रावणात बरणीचं झाकण नीट बसलं नाही आणि आत पाल पडली. कधी पडली कुणास ठाऊक, वास आला तेव्हा कळलं. मीठ खायचं नाही हे उघड होतं. पण टाकायचं कुठे? आमच्याकडे मीठ पायदळी येऊ देत नाहीत. सांडलं तर मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, असं आजी सांगायची. गटारात नको. सुक्या कचऱ्यात नको, तो कुठल्या कुठे जातो. खाडीवर नेऊन सोडायचं तर बाहेर पाऊस आणि बरणी जड. तेव्हा अध्यक्षीणबाईंनी विचार केला की ओल्यात टाकावं, म्हणजे मातीत जाईल, मान राहील. मातीतून आलं, मातीत गेलं... असं मनात म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. मीठ समुद्रातून येतं हे मिठागरवाल्याच्या लेकीला त्या क्षणी आठवू नये! आणि मिठागरात गवताची काडी उगवत नाही, हे तर मी लहानपणी अनवाणी फिरून पाहिलेलं. चार दिवस रोज थोडं थोडं, दुधीच्या सालांखाली दडवून मी ते बादलीत घातलं. दडवलं कशासाठी, तर लोकांनी पाहिलं तर विचारतील म्हणून. म्हणजे आत कुठेतरी मला ठाऊक होतं. आणि माझी बादली ढवळायला गेटावर कुणी उभं नव्हतं, कारण उभी राहणारी मीच.

पाचव्या दिवशी सकाळी मंजुळा हाका मारत वर आली. "काकी, खाली चला. म्हशी मेल्या." टाक्याच्या भिंतींवर गांडुळं चढली होती, बाहेर पडायला म्हणून, आणि तिथेच लोंबत होती. आत तर गुंताच्या गुंता. तिच्या हातात त्यातला एक होता आणि ती तो उलगडून पाहत होती, एखादं जिवंत सापडतंय का म्हणून. मी विटांकडे बघत होते. विटांवर ओल सुकून पांढरी साय धरली होती. ती साय मी जन्मापासून ओळखते. मिठागराच्या वाफ्यातलं पाणी आटत आलं की कडेला प्रथम तीच दिसते. मला त्याच क्षणी कळलं. संध्याकाळी नाही, दोन दिवसांनी नाही. त्याच क्षणी.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. सेक्रेटरींनी निदान करून टाकलं होतं: जिना पुसलेलं फिनेलचं पाणी मंजुळाने टाक्यात ओतलं. "मी न्हाय वतलं," ती म्हणाली. "मी कशाला वतीन साहेब? माझ्याच म्हशी त्या." कुणीतरी म्हणालं, "मग काय आम्ही ओतलं?" थोडं हसणं झालं. मग सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "काकी, तुम्ही रोज बघता. तुमचं काय मत?"

त्या वेळची मी कशी होते याची मी आजवर पुष्कळ थट्टा केली आहे. वांग्याची, छत्रीच्या काडीची, फोटोची. माझ्या नाती ऐकून खिदळतात. पण ह्या जागेपाशी आले की मला थट्टा सुचत नाही. मी गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी मोठ्या मनाने म्हणाले, "चुकून झालं असेल हो तिच्याकडून. माफ करून टाका." लोकांनी माना डोलावल्या. काकी किती समजूतदार! मंजुळाने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग खाली बघून पदर खोचला आणि टाकं उपसायला निघून गेली. महिन्याभरात तिचं कामही गेलं. फिनेलवाली बाई नको, असं ठरलं. टाक्यात भराव घालून वर सिमेंट ओतलं. आता तिथे दोन स्कूटर उभ्या असतात.

त्यानंतर ती कुठे कुठे होती ते मला उडत उडत कळायचं. कचरा निवडण्याच्या शेडमध्ये होती, मग ते सोडून गावी गेली, घरामागे स्वतःची टाकी बांधली, नागावच्या वाड्यांना खत देते, वगैरे. कळलं की मला बरं वाटायचं, जसं काही ते मीच घडवून आणलं होतं. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात पांढऱ्या कांद्याच्या माळा बघत फिरत होते, तर माळांच्या रांगेच्या शेवटी ती. पुढ्यात खताच्या पिशव्या. खूप वाळली होती, डोळे पिवळट. "काकी, बसा," म्हणून तिने गोणपाट सरकवलं. मी कांद्याचा भाव, माझे गुडघे, तिची तब्येत, सगळं विचारून झालं. "पोटात काय ठरत न्हाय," एवढंच ती तब्येतीबद्दल म्हणाली. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंजुळा, ते मीठ माझं होतं."

"व्हय," ती म्हणाली. गिऱ्हाइकाला सुटे पैसे दिले, पदर सारखा केला. "मला म्हाईत हाय. टाकं उपसलं तवा मधी खडे व्हते, दुधीच्या सालाखाली. खडेमीठ तुमच्याबिगर कुनाकडं व्हतं?"

"मग बोलली का नाहीस गं तेव्हा?"

ती हसली. रागाने नाही. मी काहीतरी बालिश विचारल्यासारखी. "कुनी ऐकलं असतं, काकी?"

मी रडले. बाजारात, माळांच्या समोर. तिने रडू दिलं, पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मला कशाला सांगता? मला ठावं व्हतं. त्यानला सांगा. फिनेलवाली म्हनतात मला अजून. शेडवर पन म्हनायचे."

"सांगते," मी म्हणाले. "पुढच्या सभेत सांगते."

पुढच्या सभेत लिफ्टचा विषय निघाला आणि भांडणं झाली. त्याच्या पुढची सभा पाण्याच्या टाकीवर गेली. दोन्ही वेळा मी घरून वाक्य पाठ करून गेले होते. दोन्ही वेळा कुणीतरी "काकी, चहा घेणार ना?" असं प्रेमाने विचारलं आणि मी वाक्य सोडून कप हातात घेतला. साठीत खोटं बोलायला एक क्षण पुरला, आता खरं बोलायला दोन सभा पुरेनात... आणि मंगळवारी ती गेली.

तेव्हा आता इथे सांगते. वर्तमानपत्राची ही पुरवणी आमच्या इमारतीत बऱ्याच घरी येते. टाक्यात फिनेल कुणी ओतलं नव्हतं. मंजुळाने काही चुकीचं केलं नव्हतं, चुकूनही नाही. गांडुळं मिठाने मेली आणि मीठ माझं होतं. सभेत मी तुम्हा सगळ्यांना तिला माफ करायला लावलं, ते शब्द मी परत घेते. ते कुणाच्या उपयोगाचे उरले नाहीत, हे मला कळतं.

हे लिहायच्या आधी मी तिच्या गावी जाऊन आले. दिवस झाले होते, मांडव उतरला होता. मंजुळाची सून रेश्मा घरी होती. फोटोला नमस्कार केला, पाणी प्यायले, आणि ती मला घरामागे घेऊन गेली. चार टाकी, वर गोणपाटं. हॉटेलांतून आलेला ओल्या कचऱ्याचा नवा पिंप शेजारी होता. बोलता बोलता रेश्माने पिंपात बोट बुडवलं, जिभेला लावलं, बाजूला थुंकली, आणि मग घमेल्याने तो माल टाक्यात घालायला लागली.

"हे काय गं?" मी विचारलं.

"आई करायच्या. नवा माल आला की आधी जिभेला लावायचा, मगच टाक्यात. मला पहिलं किळस यायची. का करता म्हणून विचारलं तर म्हणायच्या, सवय हाय. आता मलापण लागली. का ते ठाऊक नाही."

मी तिला सांगितलं. बरणीपासून पार्किंगपर्यंत, काही न गाळता. ती घमेलं हातात धरून ऐकत होती. संपलं तेव्हा तिने चहाचं विचारलं नाही, जा म्हणाली नाही. पलीकडे दुसरा पिंप होता, त्याचं झाकण तिने काढलं. पण या वेळी स्वतः बोट बुडवलं नाही. बाजूला सरून तिने मला जागा करून दिली.

"हा तुम्ही बघा," ती म्हणाली. "तुम्हाला मिठाचं कळतं."

मी पदर खोचला आणि पिंपात वाकले.