जर्मनभाऊंची गावं

रविवार, चौदा डिसेंबर. चांदीच्या अकरा नाण्यांचे एक लाख दहा हजार रुपये ठरले. चंद्रपुरात जर्मनभाऊंच्या घरी, बाहेरच्या खोलीत हजर तिघे: नागपूरचा व्यापारी, मी आणि नाण्यांचे मालक जर्मनभाऊ.

भाऊ मूळचे गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याकडचे. जर्मनी त्यांनी कधी पाहिली नाही. त्यांच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या जर्मन फिटरने जाताना त्यांना एक नाणं दिलं, अठराव्या शतकात न्यूरेंबर्ग शहराने पाडलेलं. एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला तट आणि मनोरे. तिथली काही शहरं तेव्हा आपला कारभार आपणच बघत, नाणीही आपलीच पाडत. या गोष्टीचं भाऊंना वेड लागलं. बाकीची दहा त्यांनी ओव्हरटाइमच्या पैशांतून जमवली. बादशहाचा चेहरा असलेलं नाणं फुकटही घेत नसत.

"पाह्य, राजाचं तोंड हाय का कुठी? गावानं सोताचंच चित्र छापलं!"

मी शेजारी, हिशेबी माणूस. म्हणायचो, "भाऊ, एक विका, घरावर स्लॅब पडेल."

"अन् या गावातले लोकं कुठी जातीन?"

आपल्या गावाचं नाणं पाडलं असतं तर त्यावर मोहाचं झाड आणि खाली झोपलेला सरपंच घातला असता, असंही म्हणायचे.

मग हृदयाचं ऑपरेशन निघालं. खर्च साडेतीन लाख, सरकारी योजनेत बसेना. फोटो पाहून व्यापाऱ्याने चार लाख चाळीस हजार कबूल केले, तेव्हा भाऊंनीच "देऊन टाकू" म्हटलं.

शनिवारी मी त्यांना तपासणीला नेलं. मागे वहिनींनी अकराही नाणी चिंच-राखेने लख्ख घासली. घरातली चांदी परक्याच्या हाती मळकी देऊ नये, ही आमच्याकडची रीत.

रविवारी व्यापाऱ्याने भिंग लावलं आणि खाली ठेवलं. "जुना काळपट थर गेला, वर ओरखडे. जमवणारे आता घेणार नाहीत. नगाला दहा हजार."

भाऊंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "हळू बोला. तिले नाई समजलं पाह्यजे."

वहिनी चहा घेऊन आल्या. "कसे चमकून राह्यले ना?"

"मस्त," भाऊ म्हणाले. "पण जर्मनीत भाव पडला म्हणते."

नाण्यांचे पैसे, पतसंस्था, नातेवाईक, माझी ठेव; सगळं धरून कशीही बेरीज केली तरी दोन लाख साठ हजारांपुढे जाईना. उरलेली रक्कम जमवता जमवता जानेवारीत भाऊ गेले.

दवाखाना, औषधं, गाडी वजा करून नाण्यांचे उरलेले पैसे मी वहिनींकडे नेले.

"भाऊजी, मी घासले म्हणून येवढे तरी भेटले ना? मळकटाचे कोण देते?"

"हो, वहिनी."

एकसष्ट हजार चारशे रुपये. रोख, वहिनींच्या हातात.